मिठाचं ताक

चामुंडीदेवीवरचा माझा विश्वास तेव्हा उडाला होता, हे आधीच सांगतो. मी चौथी शिकलेला, हूटगळ्ळीच्या कारखान्यात जन्म गेला. गोड करून लिहिणं मला जमत नाही.

बायकोच्या किडन्या आधीच खराब. एका सकाळी ती मलाच विचारायला लागली, "कोण हो तुम्ही?" दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार उतरलंय, पण हळूहळूच चढवायचं, आणि पाणी मोजून द्यायचं. मी डाफरलो, "कमी आहे तर द्या की मीठ! एवढं कळायला शाळा लागते?" त्या शांतपणे म्हणाल्या, "अज्जा, एकदम चढवलं तर मेंदूला इजा होते. आणि यांच्या किडन्या जादा मीठ-पाणी बाहेर टाकत नाहीत, छातीत पाणी भरेल." मला पटलं नाही. वाटलं, टाळतायत.

दुसऱ्या दिवशी घरी ताक घुसळलं, त्यात मूठभर मीठ घातलं आणि फ्लास्क पिशवीत लपवला. वाटेत चामुंडीच्या डोंगराकडे बघून म्हणालो, "तुला जमत नाही, आता मीच बघतो."

वॉर्डाबाहेर बाकावर टेकलो. शेजारी एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या नवऱ्याला पेज भरवत होती. निम्मी हनुवटीवरून गळत होती. पिशवीतून ताक ठिबकलेलं पाहून तिने कानडी वळणाने, अदबीने विचारलं, "काय आणलंत, यजमान्रे?" मी अनोळख्याशी बोलणारा नव्हे, पण सगळं सांगून टाकलं. तिचा चमचा थांबला. "यांचंही असंच उतरलं होतं. लवकर चढवा म्हणून मीच सगळ्यांच्या मागे लागले. चढलं. दोन दिवस बोलले, मला शिव्यासुद्धा दिल्या. मग वाचाच गेली." तिने माझ्या पिशवीवर हात ठेवला. "बेडा, यजमान्रे. नका देऊ."

ताक मोरीत ओतलं. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "तुम्ही सांगाल तसं." मग मी हटलो नाही. बायको पाण्यासाठी हात जोडायची. मी ओल्या फडक्याने ओठ पुसायचो, पण ठरल्यापेक्षा एक घोट जास्त दिला नाही. चौथ्या दिवशी तिने मला निरखून पाहिलं. "अय्यो, दाढी का वाढवलीत? मी मेले की काय?"

पुढे पाच महिने जगली. शेवटी किडन्यांनीच नेलं. पण जाईपर्यंत बोलत होती, भांडत होती. त्या बाईला नंतर पुष्कळ शोधलं, दिसली नाही.

आता एकट्यापुरतं सारू करतो. मीठ घालताना हात थांबतो. मीच बघतो म्हणालो होतो ना? आई, तेव्हा डोंगरावरून तू काही बोलली नाहीस, त्या बाईच्या रूपाने फक्त पिशवीवर हात ठेवलास. ते पाच महिने तुझे.