लेकीने लिहिलेली ताई

माझी ताई घरी कपडे शिवते. नवरा सोडून गेला त्या दिवशीही तिने गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं नाही. लेक तासन्‌तास मशीनशेजारी बसायची, तेवढंच काय ते ताईचं सुख.

लेकीने मानववंशशास्त्राच्या एम.ए.साठी अर्ज केले. सोबत कुणाचं तरी जवळून निरीक्षण करून लिहिलेला लेख हवा होता. दोन विद्यापीठांचा होकार आला, तेव्हा भाचीबाईसाहेबांनी तो लेख आम्हाला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. त्यात ताईच होती. गिऱ्हाइकाशी गोड बोलून पाठ वळताच शिव्या घालणारी, रडू आलं की दोरा न ओवताच मशीन चालवणारी.

"आई, मग दोन्हींपैकी कुठे जाऊ?"

"जे लांब असेल तिथे," ताई म्हणाली आणि मशीन चालवू लागली. सुईत दोरा नव्हता.