सिएरा लिओनला जाणाऱ्या पाच जणांसाठी

ब्रीफिंग सकाळी अकराला होतं. मी पावणेअकराला हॉलवर हजर होतो. पाच मुलांपैकी एकच वेळेवर आली, आणि ती माझ्याच गाडीतून आली होती. माझी मुलगी, सानिका.

ए-लेव्हल्सनंतर, म्हणजे इथल्या बारावीनंतर, गॅप इयर घ्यायचं आणि पश्चिम आफ्रिकेत, सिएरा लिओनमधल्या एका खेड्यातल्या शाळेत तीन महिने शिकवायचं, असं तिने ठरवलं. खेड्याचा पत्ता मी दोनदा वाचला. केनेमा शहराच्या पुढचा तो रस्ता मला माहीत होता. तिचे बाबा भारतीय फौजेतर्फे तिथे शांतिसेनेत होते हे कळल्यावर मुलांना पाठवणाऱ्या संस्थेने मला वीस मिनिटं दिली.

मी जतचा. घरातला पहिला पदवीधर, तोही फौजेची नोकरी करता करता. पत्नी ब्रिटनमध्ये, कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे म्हणून इथे आलो. आता पेशंट ट्रान्सपोर्टची गाडी चालवतो. या शहराने आम्हाला सांभाळून घेतलं. त्यामुळे कोणी बोलावलं की मी तयारी करून जातो. पावसाचे महिने, रस्ते, मलेरियाच्या गोळ्या, सगळं कार्डांवर लिहून नेलं होतं.

शेवटचा मुलगा, आयझॅक, अकरा सतराला आला. हातात कॉफी.

पहिला प्रश्न, तिथे वायफाय असतं का. दुसरा, बीच किती लांब. मी कार्डं बाजूला ठेवली.

"आधी ग्रीटिंग," मी म्हणालो. "माणूस दिसला की 'कुशे' म्हणायचं. मग 'हाऊ दि बॉडी', म्हणजे तब्येत कशी आहे. तो उत्तर देईल, तुमची विचारेल, घरच्यांची विचारेल. त्यानंतर आपलं काम काढायचं. उभे राहा. म्हणा."

मुलं उभी राहिली आणि एकमेकांकडे बघून हसली.

"नुसता रस्ता विचारायचा असेल तरी?" आयझॅक म्हणाला. "गूगल मॅप्स आहे की."

"बाबा, प्लीज," सानिका मराठीत पुटपुटली. "तू फारच आर्मी करतोयस."

"बसा," मी म्हणालो. मग घरीही कधी न सांगितलेलं सांगितलं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी सिग्नल्समध्ये नायक होतो. जंगलातल्या आमच्या एका पोस्टच्या रेडिओ सेटच्या बॅटऱ्या उतरत आल्या होत्या. नव्या घेऊन आम्ही १४१० ला निघालो. एक वन-टन गाडी, मी आणि ड्रायव्हर, लान्स नायक हणमंत, उमरग्याचा. हणमंतला तिथली क्रिओ भाषा आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली यायची, कारण प्रत्येक गावात गाडी थांबवून तो म्हाताऱ्यांची तब्येत विचारायचा. मला त्याचा वैताग यायचा.

१५२५. शेवटचं गाव. वळणापलीकडे ओंडक्यांचा पूल. आंब्याखाली बाकावर एक म्हातारा बसला होता.

सेटवर पोस्टचा आवाज आला. "लोकेशन सांगा. ओव्हर."

"लास्ट व्हिलेज. पोहोचतो वन सिक्स झिरो झिरो. आउट."

हणमंतने गाडी हळू केली. "उस्ताद, दोन मिनिटं. राम राम करून येतो."

"सोयरीक जमवायला आलायस का? चालू ठेव."

मी काच खाली केली. "ब्रिज ओके?"

म्हातारा काठी टेकत उठायला लागला. "कुशे, सा. हाऊ दि बॉडी?"

"ब्रिज ओके?"

"हाऊ दि..."

मी काच वर केली. गाडी पुढे निघाली. हणमंतची नजर आरशात होती. "उस्ताद, म्हातारा हात करतोय."

"टाटा करतोय. चल."

१५३१ ला उजवा ओंडका मोडला. गाडी हणमंतच्या बाजूने ओढ्यात पडली. माझी बाजू वर राहिली, मी बाहेर आलो. त्याचे पाय स्टीअरिंगखाली अडकले होते आणि डोकं पाण्याखाली होतं. मला तो ओढून निघेना. गाव धावत आलं. सगळ्यात मागे काठी टेकत तो म्हातारा. लोकांनी दोर लावून गाडी हलवली. हणमंतला बाहेर काढलं तेव्हा १५५० झाले होते. तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी दुभाष्या घेऊन त्या गावात गेलो. ओंडका कुजल्याचं त्यांना अपघाताच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. येणाऱ्या प्रत्येक गाडीला ते सांगता यावं म्हणून म्हाताऱ्याला तिथे बसवलं होतं. तब्येत विचारून झाली की तो सांगणारच होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिलं, पूल कमकुवत होता. काच वर केल्याचं मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

हॉलमधली माझी वेळ संपली. मलेरियाच्या गोळ्या राहूनच गेल्या.

परतताना गाडीत सानिकाने विचारलं, "हणमंतकाकांच्या घरी कोण आहे?"

"आई. दिवाळीला फोन करतो."

"त्यांना हे माहितीये?"

"नाही."



मागच्या आठवड्यात तिथून तिचा व्हॉइस मेसेज आला. "बाबा, आम्ही पोहोचलो. तो पूल आता काँक्रीटचा आहे. तरी मी अलीकडच्या गावात गाडी थांबवली. तीन आजी बसल्या होत्या, तिघींना हाऊ दि बॉडी केलं. त्यांनी तुझी पण तब्येत विचारली. आयझॅक सॉलिड वैतागला. चौदा मिनिटं लागली."

मेसेज मी दोनदा ऐकला. मग दिवाळीची वाट न बघता उमरग्याला फोन लावला. आधी हणमंतच्या आईंची तब्येत विचारली. मग त्या दुपारचं सगळं सांगितलं, काचेसकट.

चौदा मिनिटं. हणमंतने दोनच मागितली होती.