सूर्याचा पंचनामा

विमा कंपनीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सर्व्हेअरसाहेबांच्या खिशातली सहा इंची पोलादी पट्टी काही निवृत्त झाली नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी चेपलेल्या मोटारी, जळालेली दुकानं आणि भिजलेले गठ्ठे यांचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत ती पट्टी शेजारी ठेवायची, म्हणजे खोक केवढी ते नंतर कुणाला वाढवून सांगता येत नाही. कचेरीत त्यांना मागून ‘पंचनामा’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेब ताक फुंकून झाल्यावर पेलाही उलटा करून बघत.

निवृत्तीनंतर ते बुद्धिबळ मंडळात गेले. तिथले चिटणीस घड्याळ पुढे-मागे करतात हे सिद्ध करून परत आले. बागकाम मंडळातही तीन महिन्यांत तेच झालं. म्हणून निसर्गचित्रणाच्या दोन दिवसांच्या शिबिराचं माहितीपत्रक बायकोनंच आणून टेबलावर ठेवलं, आणि सोबत तंबीही दिली.

“हे तिसरं. इथूनही कुणाला तरी पकडून घरी आलात, तर पुन्हा मी काही सुचवणार नाही. बसा मग माझ्या कणकेचे गोळे मोजत.”

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, पण त्यांना जायचं होतं, अगदी मनापासून. एका दुपारी जुने फोटो चाळताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की एवढ्या वर्षांत आपण धड असलेल्या एकाही वस्तूचा फोटो काढलेला नाही. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पण सोबत आणायच्या सामानाची यादी वाचायला घेतली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तिपाई, जादा बॅटरी, टोपी, न घसरणारे बूट इथपर्यंत ठीक होतं. शिट्टी कशाला? घरच्यांचा फोन नंबर कशाला?

“तुम्ही हरवलात तर मला कळवायला,” बायको म्हणाली. “कळवू नका, असं लिहून देऊ का?”

जागा फक्त सहा होत्या आणि अर्ज आठ. तयारीच्या बैठकीला प्रत्येकानं स्वतः काढलेला, मोकळ्या जागेचा एक फोटो आणायचा, ते बघून शिबिराची शिक्षिका सहा जण निवडणार होती. साहेबांनी माहितीपत्रकावरचा फोटो भिंगाखाली धरला. तळं, त्यामागे डोंगर, डोंगराच्या डोक्यावर लाल सूर्य, आणि खाली ओळ: ‘आमच्या शिबिरातला उगवता सूर्य’. तळं ओळखीचं होतं. त्याच्या बांधावर त्यांनी एकदा उलटलेल्या ट्रकची पाहणी केली होती. त्यांच्या आठवणीप्रमाणे डोंगर पश्चिमेला होता. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या बसनं ते बांधावर पोचले. होकायंत्र काढलं. डोंगर पश्चिमेलाच होता. सूर्य उगवला तो त्यांच्या पाठीमागून. पुरावा म्हणून त्यांनी बांधाच्या कठड्यावर पट्टी उभी केली आणि डोंगराचा फोटो घेतला. मग, का कोण जाणे, ते तिथेच थांबले. ऊन डोंगरावरून खाली उतरत होतं आणि एकेक घळ उघडी पडत होती. त्यांनी आणखी एक फोटो घेतला. पट्टी होतीच.

बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत होती. शिक्षिका तिशीतली, केस आखूड कापलेली, बोलायला मोकळी. बाकीच्या सात जणांनी फुलं, ढग, पूल असं दाखवलं. साहेबांची पाळी आली तेव्हा त्यांनी माहितीपत्रक आणि आपला दुसरा फोटो शेजारी शेजारी ठेवला आणि दिशा, वेळ, सावली हे सगळं शांतपणे सांगितलं. अर्जदारांतले एक दंतवैद्य खुर्चीत पुढे सरकले.

शिक्षिकेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ती नाकबूल झाली नाही. फोटो संध्याकाळचाच होता, ओळ तिनंच लिहिली होती, कारण पहाटेचं नाव घेतलं की लोकांना शिबिर खरं वाटतं. तीन वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

मग तिनं साहेबांचा फोटो उचलला आणि खिडकीपाशी नेला. बराच वेळ बघितला.

“हा तुम्ही काढलात?”

“तो पुरावा आहे.”

“असू दे. हे ऊन इथवर उतरेपर्यंत तुम्ही थांबलात. का?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न साहेबांनी लोकांना विचारला होता, त्यांना कुणी नाही. ही आपल्याला गोड बोलून गप्प करतेय, हा संशय आलाच. तरी त्यांनी खरं तेच सांगितलं.

“कुठे काही मोडलेलं दिसत नव्हतं,” ते म्हणाले.

तिनं यादीत त्यांचं नाव लिहिलं. सहावं. फोटोतल्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, हिला मात्र जागा नाही.

आता उठून जाणं सोपं होतं. लबाडी पकडली होती, कबुलीही मिळाली होती. आधीच्या दोन्ही मंडळांतून ते याच टप्प्यावर उठून आले होते. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि माहितीपत्रक तिच्यापुढे सरकवलं.

“आधी हे दुरुस्त करा.”

तिनं ‘उगवता’ खोडून वर ‘मावळता’ लिहिलं.

“खोडलं तिथे सही. खाली तारीख.”

तिनं तेही केलं. दंतवैद्य हसले, आणि साक्षीदार म्हणून त्यांनीही सही ठोकली.

घरी बायको दारातच उभी होती. काय झालं ते ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिली.

“पकडलंत, आणि तरी जाणार?”

“शनिवारी. साडेचारचा गजर लाव.”

तिचा विश्वास बसला नाही. शुक्रवारी दुपारी तिनं त्यांची बॅग उपसून बघितली. तिपाई, बॅटरी, टोपी, शिट्टी. बाजूच्या कप्प्यात मोजे, आणि मोज्यात ती पट्टी.

तिनं ती त्यांच्यासमोर धरली.

“सवय आहे गं,” साहेब म्हणाले. “चौकटीच्या बाहेर ठेवीन.”

“लिहून द्या.”

त्यांनी पेन शोधलं.