मांडीवरची गिटार

कोणतीही वस्तू हातात आली की मामाजी ती आधी नाकाशी नेत. मेथीची जुडी, औषधाची बाटली, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, एकदा तर माझी नवी साडीसुद्धा. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या विदर्भात सासऱ्यांना मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात. ते जन्मभर कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी होते. गव्हाचं पोतं ओलं आहे की सुकं, हे वासावरून ओळखायची सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. "नाक हाय का तराजू?" असं आत्याबाई रोज एकदा तरी विचारायच्या.

बाजार सुटला की मात्र ते मापारी नसायचे, बेंजोवाले असायचे. सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ते बेंजो वाजवायचे. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी कळा दाबायच्या, असं ते वाद्य. जयंती असो, नामकरण असो की लग्न, मामाजी हजर. माझ्या लग्नात सगळे वरबापाला शोधत होते आणि वरबाप स्टेजच्या मागे बसून बेंजोच्या तारा जुळवत होते.

मग त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. पुढे पाय काठीच्या आधारानं चालू लागला, खांदा आणि कोपरही थोडंफार हलू लागलं, पण डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. बोटं उघडेनात. एके दिवशी त्यांनी पार्टीच्या लोकांना बोलावून बेंजो देऊन टाकला. "माह्याजवळ पडून पडून तारा सडतीन. वाजवनाऱ्याच्या हातात राहू द्या," एवढंच म्हणाले. त्यानंतर घरात कुणी गाणं लावलं की ते काठी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसत. आम्ही गाणी लावणंच सोडून दिलं. घर मुकं झालं.

अशात एक दिवस ते बुधवारच्या आठवडी बाजारातून एक जुनी गिटार घेऊन आले. रिक्षावाल्यानं ती आत आणून ठेवली. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "दोन हातवाल्याईले वाजवता येत नाही, अन् हे एका हातानं वाजवनार!"

"वाजवाले नाही आनली," मामाजी म्हणाले. "पाहाले आनली."

त्यांनी गिटारच्या पोटातल्या भोकाला नाक लावलं. "बंद कोठीचा वास हाय. लय वर्षं कोनी हात नाही लावला इले." आत चिठ्ठी नव्हती, वर नाव नव्हतं. कुणी बनवली, कुठली, काहीच कळेना. तारा तर गिटारच्या मानेपासून, म्हणजे त्या लांब दांडीपासून, इतक्या उंच होत्या की खालून पेन्सिल सहज जावी. त्या दाबायला गेले तर माझी बोटं दुखली आणि आवाज काही धड निघेना.

मी त्यांना प्रताप नगरच्या एका वाद्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं गिटार हातातही न घेता निकाल दिला, "इसकी गर्दन टेढी है, काकाजी. शोपीस बना लो."  परतताना ऑटोत मामाजींनी एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून नजर लावली. "मान सीधी हाय वं, सूनबाई. तराजूची दांडी पाहून पाहून डोये गेले माहे. वाकडी असती तं मले दिसली असती."

त्यानंतर त्यांना तोच एक उद्योग झाला. सकाळी चहा झाला की गिटार घेऊन ओट्यावर. एकदा मला हाक मारून म्हणाले, "इथं पाह्य. जिथं उजवा हात घासते तिथलं पालिश पार गेलं. म्हणजे वाजवनाऱ्यानं खूप वाजवली. पन मानेवरच्या या आडव्या पट्ट्या पाह्य, तारांचा एक वळ नाही. बोटं न लावता कोनी वाजवलं काहून?"  मी सगळ्या बाजूंनी फोटो काढून फोनवरच्या एका गिटारवाल्यांच्या ग्रुपवर टाकले.

कोलकात्याच्या एका वयस्कर बाईंचं उत्तर आलं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी बनवली ते चिठ्ठीशिवाय सांगता येणार नाही, पण ही हवाईयन गिटारसारखी वाजवायची. मांडीवर आडवी ठेवायची. बोटांनी तारा दाबायच्याच नाहीत. डाव्या मुठीत गुळगुळीत लोखंडी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. म्हणून तारा मुद्दाम उंच केल्या आहेत.

माझं वाचून झालं. मामाजी स्वतःच्या मिटलेल्या मुठीकडे बघत होते. आत्याबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि वेलदोडे कुटायचा लहानसा स्टीलचा बत्ता घेऊन आल्या. त्यांनी मामाजींची बोटं एकेक करून सोडवली, बत्ता आत बसवला आणि हात काढून घेतला. मूठ आपोआप मिटली.

"सरकवा आता," त्या म्हणाल्या.

मामाजींनी उजव्या हातानं तार छेडत मूठ सरकवली. पहिला आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आला. आम्ही दोघी हसलो. मामाजी रडत होते.

तो सगळा हिवाळा आमच्या घरात गिटार वाजली. मामाजींचं कोपर जड होतं. हात सरकायचा, पण हव्या त्या जागी थांबायचा नाही. म्हणून आत्याबाई डावीकडे स्टूल घेऊन बसायच्या आणि त्यांचं कोपर धरायच्या. ते सांगायचे, "पुढं... अजून थोडं... बस." चुकलं की भांडण ठरलेलं. "तू लय घाई करतं." "हात तुमचा, अन् घाई माही?" भाजी चिरायची राहिली म्हणून त्या कुरकुरायच्या, पण स्टूल सोडायच्या नाहीत. होता होता 'पुढं' आणि 'बस' म्हणायची गरज राहिली नाही. पार्टीच्या सुरुवातीच्या गाण्याचं ध्रुवपद त्यांना वाजवता येऊ लागलं. कच्चं होतं, पण ओळखू यायचं.

होळीनंतर त्यांनी पार्टीला निरोप धाडला, एकदा येऊन ऐकून जा. कोणता शर्ट घालायचा तेही ठरवून ठेवलं होतं. पार्टी यायच्या आधीच दुसरा झटका आला. दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले नाहीत आणि तिथूनच ते गेले. अजून आठ-पंधरा दिवस मिळाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? मला आजही राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

मामाजींसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पार्टी आली, गायली. निघताना मामाजींच्या फोटोकडे बघत त्यातल्या एकानं विचारलं, "दादा आमाले काय ऐकवनार होते?" मी आतून गिटार आणली, आत्याबाईंच्या मांडीवर आडवी ठेवली आणि बत्ता त्यांच्या हातात दिला. हिवाळाभर मामाजींचा हात त्यांनीच तर सरकवला होता.

त्यांनी बत्ता तारांवर टेकवला. हात जागचा हलला नाही.

"वाजवा ना, आत्याबाई. कुठे थांबायचं ते तुम्हाला माहीत आहे."

"मले कुठं मालूम हाय वं," त्या म्हणाल्या. "मी ताराईकडे कधी पाह्यलंच नाही. त्यायचा चेहरा पाहून हात थांबवत होती."