सत्काराचा अंधुक फोटो

आमच्या कचेरीत एक अंधुक फोटो लावलाय. वीजबचतीबद्दल सरकारने आम्हाला ढाल दिली, त्या समारंभाचा. बचत खरी शिपाई पवारमामांची. कुणी उठलं, की खुर्ची गार व्हायच्या आत ते वरचा पंखा बंद करतात. म्हणून साहेबांनी त्यांनाही व्यासपीठावर बोलावलं. मामांनी जाता जाता सवयीने सभागृहातले सगळे दिवे घालवले.

“अहो, फोटो काढायचाय!” साहेब ओरडले.

“भर दुपारी दिवे कशाला, साहेब?”

कौतुक करायलाही सरकारला उजेड लागतो, हे मामांच्या गावीही नव्हतं. फोटोत त्यांचा चेहरा ओळखूच येत नाही. परवा नीट बघावा म्हणून मी ट्यूब लावली. मागून हात आला, ट्यूब बंद झाली.

“फोटो कशाला बघताय?” मामा म्हणाले. “मी आहे की इथं!”