धनीबाई आणि कवायतीचे गुरुजी

चीनची लढाई होऊन वर्षही झालं नव्हतं. बाभुळगावजवळच्या एका बंजारा तांड्यातल्या शाळेत सदाशिवराव नावाचे नवे गुरुजी आले आणि आल्याआल्या त्यांनी पोरांना पळवायला सुरुवात केली. कवायत, लंगडी, खो-खो. मग एके दिवशी शिंप्याकडे असते तशी टेप काढून ते पोरांची छाती मोजू लागले, भिंतीवर कोळशाने उंचीच्या खुणा करू लागले.

धनीबाईला तिथेच संशय आला. नवऱ्यामागे एकटीने कपाशी पिकवणारी ही बाई बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावरही विश्वास ठेवत नसे. तिची लेक जमनी त्याच शाळेत. शिकवायचं सोडून पोरं पळवायची कायले? छाती तर पलटणीत भरती करताना मोजतात. शेजारचा पूनमसिंग म्हणाला, “राजूरच्या खाणीत मजूर पाह्यजेत म्हणे.” मग तर तिचं जेवणावरून मन उडालं.

शेतात जाताना वाट वाकडी करून ती शाळेच्या कुंपणाआड थांबू लागली. एकदा खाकी कपड्यांतला एक माणूस सायकलवरून आला, गुरुजींशी हसून बोलला. तो पोस्टमन होता, पण धनीबाईला ते पटेना.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माप घ्यायला पोरींची रांग लावली, तशी ती मैदानात शिरली आणि टेप हिसकावून घेतली.

“कोनाले विकून राह्यले आमची लेकरं?”

“अहो बाई, विकतो कसला!” गुरुजी गडबडले. “प्रार्थनेला उभी राहिली की पोरं चक्कर येऊन खाली बसतात. अंगात ताकद यावी म्हणून खेळवतो. वाढतात की नाही, ते मोजतो.”

“मंग आदी तुमची छाती मोजू द्या.”

पोरं खिदळली. गुरुजींनी मुकाट्याने हात वर केले. टेप गुंडाळताना त्यांच्या बरगड्या तिच्या हाताला लागल्या.

“तुमालेच कोनी पलटनीत घेनार नाही,” ती म्हणाली. “पन पोरीईले हात लावाचा नाही. त्यायचं माप मी घेईन.”

गुरुजी लगेच कबूल झाले.

तेव्हापासून पोरींची मापं तीच घेई. आकडे वाचता येत नव्हते आणि गुरुजींच्या तोंडच्या आकड्यावर भरवसा नव्हता, म्हणून ती उंचीला दोरा लावून गाठ मारायची. पावसाळा सरला तेव्हा जमनी गाठीच्या वर गेली होती. धनीबाईने खाली वाकून पाहिलं, पोरगी टाचा तर उचलत नाही ना! टाचा जमिनीवरच होत्या. तरी तिने दोरा पुन्हा लावून पाहिला, आणि मग कुठे हसली.

पुढे सदाशिवरावांची पांढरकवड्याला बदली झाली. नवे गुरुजी पोरांना दिवसभर वर्गात कोंडून ठेवू लागले. धनीबाई दारात जाऊन उभी राहिली.

“पोराईले बाहीर काहून सोडत नाही? आत काय करून राह्यले?”

“अभ्यास करतात, बाई.”

“इतका?”

गुरुजी पुस्तक उघडून दाखवू लागले. तोवर जमनी उठली होती आणि तिच्यामागून अख्खा वर्ग मैदानाकडे सुटला होता.