बुडाली ती खोटी

गड्ड्याच्या जत्रेत मी चांगलीच फसले होते, आणि ते कळल्यावर मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरातून मी ओरडलेच, "बुडाली! आई, बुडाली ग!"

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली, दर वर्षी तेच वाक्य फळ्यावर लिहिते: अंबर लोकरीवर घासलं की वाळलेलं गवत ओढून घेतं. पण अंबर कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. यंदा गड्ड्यात एका स्टॉलवर मधाच्या रंगाची माळ दिसली, आणि एका मण्यात चक्क मुंगी! विकणारा म्हणाला, "लाखों साल पुरानी मुंगी है मॅडम, झूट नै बोलता." मी भाळले. घरी आल्यावर भिंगातून पाहिलं, तर मुंगीबाई सहाही पाय ऐसपैस पसरून फोटोला बसल्यासारखी. चिकट डिंकात अडकलेला जीव धडपडेल, असा मजेत कशाला बसेल? मग रविवारी सकाळी वाडग्यात पाणी घेतलं, विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घातलं आणि माळ सोडली. खरं अंबर अशा पाण्यात तरंगतं. माझी माळ टुपकन तळाला गेली.

आई कपाळाला विभूती लावता लावताच बाहेर आली. "बुडली न्हवं? मग असली हाय की. ओरडतीस कशाला?"

आमच्या घरातला नियमच तो. आम्ही शंकराची माणसं. रुद्राक्ष आणला की पाण्यात सोडायचा; बुडाला तर खरा, तरंगला तर खोटा. हा नियमही काही अगदी पक्का नाही, पण ते आईला कोण सांगणार! मी तिला एवढंच समजावलं की अंबर म्हणजे झाडाचा डिंक, लाखो वर्षं जमिनीत मुरलेला आणि वजनाला हलका. मिठाच्या पाण्यात खरं असेल ते वर येतं, आणि बनावट बहुतेक खाली जातं.

आईने वाडग्यात वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "केरब्याचं बी असंच असतंय का?"

केरबा! हा शब्द आमच्या घरात अकरा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

आजीची केरब्याची माळ आईकडे आली होती. तिचा धागा कुजला, म्हणून मावशीने ती पटवेकऱ्याकडून नव्याने ओवून आणली. बाहेरून आलेली वस्तू, दृष्ट नको, म्हणून आईने ती खडेमिठाच्या पाण्यात टाकली. आईचा हात सढळ, मूठमूठ मीठ घातलेलं. सगळे मणी वर आले. तरंगले म्हणजे खोटे, आणि खोटे म्हणजे कुणीतरी बदललेले. आईने सख्ख्या धाकट्या बहिणीला तोंडावर विचारलं, "असली माळ कुटं हाय?" मावशीने चपला घातल्या आणि ती होटगीला, आपल्या घरी, निघून गेली. तेव्हापासून तिने आमचा उंबरा ओलांडलेला नाही.

मी तिथेच होते. मोठ्यांच्या भांडणात कशाला पडा, म्हणून गप्प बसले. केरबा या शब्दात मला कायम केर ऐकू यायचा. असेल काहीतरी किरकोळ, असं वाटायचं. आता शब्दकोश काढला. केरबा: अंबर, तृणमणी. मूळ फारसी शब्दाचा अर्थ गवत ओढून नेणारा. म्हणजे मी फळ्यावर लिहीत होते तेच! मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारावी, कळेना.

"माळ कुठंय?"

आईने कपाटाच्या तळातून बिस्किटांचा जुना डबा काढला. खोटी खोटी म्हणत तिने ती टाकली मात्र नव्हती. मी वाडग्यात सोडली. माळ क्षणभर खाली गेली, आणि सगळी वर आली! धागा, मणी, सगळं. मुंगीवाली माळ तळाला, आजीची वर. मी अक्षरशः उड्या मारल्या. तरीही तरंगलं म्हणजे झालंच असं नसतं. कोवळा डिंकही तरंगतो, म्हणून एका मण्यावर नेलपॉलिश काढायच्या औषधाचा थेंब टाकला. मणी चिकट झाला नाही. मग सुई तापवून भोकाच्या कडेला टेकवली. मुंगीवाल्या मण्याला तसंच केलं तर जळक्या प्लॅस्टिकच्या बादलीचा वास आला, ह्याला मात्र राळेचा. मी मणी आईच्या नाकाशी धरला.

आईने वास घेतला. "शिवा शिवा," ती म्हणाली. "चल होटगीला. आत्ताच्या आत्ता."

होटगीला मावशीने दार उघडलं आणि तिच्या तोंडून फक्त "अक्का?" एवढंच निघालं. आईने पातेलंभर पाणी मागितलं, मीठ मागितलं. मी दोन्ही माळा सोडल्या आणि वर्गात सांगते तसं हातवारे करत सगळं सांगून टाकलं: डिंक, रुद्राक्ष, आईची गफलत, राळेचा वास. मावशी पातेल्याकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती.

"मणी खरे निघाले म्हणून आलीस," ती म्हणाली. "निघाले नसते तर?"

ह्याची परीक्षा मला येत नव्हती. आई काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिने तसं करावं असंही वाटलं.

आईने पदराने डोळे पुसले. "तर आले नसते ग," ती म्हणाली. "लई चुकले मी."

मावशीने आजीची माळ पाण्यातून काढली, पुसली, आणि आईच्या नाही, माझ्या हातात ठेवली.

"तुझी ती मुंगी काड त्यातनं," ती मला म्हणाली, "आन् मिठाचं पानी सांडू नकोस. त्यात घालायला आवळे आनलेत." मग आईकडे न बघताच म्हणाली, "अक्का, बस. चिरू लाग."

आई विळी पुढ्यात ओढून बसली.